वजन उतरवून दिलं नाही म्हणून एक स्टार, त्यावर ज्युदो क्लासकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. फोन न करता इथंच लिहितेय, कारण बाकीचे पालकही हे वाचणार आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हेच असतं. तुमचं म्हणणं असं की मुलीला 48 किलोत खेळवायला हवं होतं, आम्ही 52 मध्ये उतरवलं आणि ती पहिल्याच फाइटला हरली, डाएट चार्ट मागितला तर दिला नाही, हॉलमध्ये आरसा नाही, वजनकाटा कपाटात बंद, आणि एवढं करून ज्युदोने मुलीच्या मांड्या आणि खांदे "मुलांसारखे" झाले. तिचं वजन किती, ती माझ्याशी काय बोलली, यातलं काहीच मी इथं लिहिणार नाही, तिच्या वर्गातल्या मुलीपण हे वाचू शकतात. आमच्या क्लासचं जे आहे तेवढं सांगते.

वजनगट कशासाठी असतात, तर सारख्या अंगाच्या पोरी समोरासमोर याव्यात आणि कोणाला लागू नये म्हणून. आता सगळीकडे उलटं चाललंय, एक गट खाली जायचं म्हणजे समोरची हलकी मिळेल. पण समोरचीही तेच करून आलेली असते ना, मग दोघी उपाशी, दोघी चक्कर येईल अशा अवस्थेत, आणि गटाचा फायदा कोणालाच नाही. आठ दिवस पोळी-भात बंद, आदल्या दिवशी पाणी बंद, प्लास्टिकचा सूट घालून पळायचं, हे मी मोठ्या खेळाडूंना करताना बघितलंय. 1997 मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर साधारण महिन्याभरात असंच पाणी तोडून घाम काढताना गेले, त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलले. आणि कुस्तीगीर विनेश फोगाट तर आपण सगळ्यांनी बघितलं, 2024 पॅरिस ऑलिम्पिक, फायनलच्या सकाळी 50 किलोच्या वर फक्त 100 ग्रॅम. सोबत डॉक्टर होते, रात्रभर व्यायाम केला, केससुद्धा कापले, तरी उतरलं नाही. ती मोठी बाई आहे, तिचा निर्णय तिने समजून घेतला होता, मला तिच्याबद्दल प्रचंड आदर आहे. पण शाळेतल्या पोरीकडून हे करून घ्यायचं? माझ्या क्लासमध्ये नाही होणार.

आणि आपण साताऱ्याची माणसं आहोत ताई. गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये 52 किलोच्या गटात खेळले, सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं ते 57 किलोत, म्हणजे एक गट वर जाऊन.

राहिली पहिल्या फाइटची गोष्ट. मी मॅटच्या कडेलाच बसले होते. ती ताकदीत कमी पडली नाही, समोरची डावखुरी होती आणि ग्रिपच, म्हणजे तिच्या जॅकेटवर पकडच, मिळाली नाही. त्यावर दुसऱ्या दिवसापासून काम चालू केलंय, डावखुऱ्या मुलींबरोबर रोज रांदोरी, म्हणजे सरावाची मोकळी फाइट. चार किलो कमी करून ग्रिप मिळाली नसती.

डाएट चार्ट मी देत नाही कारण मी डॉक्टर नाही. एवढं मात्र नक्की माहितीये की या वयात मुलींच्या कमरेला, मांड्यांना भर येणं हे शरीराचं नॉर्मल काम आहे, हाडं पण याच वर्षांत भरतात. खाणं कमी आणि प्रॅक्टिस जास्त झाली की पाळी अनियमित होते, थांबते, हाडं कमजोर होतात, मग स्ट्रेस फ्रॅक्चर. असं काही दिसलं तर पालकांना बोलावून आम्ही आधी मॅट बंद करतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो. आणि मांड्यांचं म्हणाल तर सेओई नागे, म्हणजे पाठीवरून फेकायचा डाव, मारताना समोरच्याच्या खाली गुडघ्यात बसून पूर्ण माणूस पाठीवर घेऊन उचलायचा असतो, तो मांड्यांनीच उचलला जातो. त्या तिने कमावलेल्या आहेत. "मुलांसारखे खांदे" हे तिच्यासमोर परत बोलू नका एवढी कळकळीची विनंती. मला चौदाव्या वर्षी घरचे हेच म्हणायचे आणि मी कितीतरी वर्षं उन्हाळ्यातसुद्धा फुल बाह्यांचे ड्रेस घातले.

आरसा मुद्दाम नाही. ज्युदोला समोरच्याचा तोल कुठं जातोय हे हाताला कळावं लागतं, स्वतःकडे बघून थ्रो होत नाही. मॅटवर फोन पण नाही, बिफोर-आफ्टर फोटो कोणाचे काढत नाही, भिंतीवर पण लावत नाही, आणि जाड्या, काडी, ढोली अशी हाक मारली तर तो मुलगा किती का चांगला खेळाडू असेना त्या दिवशी घरी जातो. हा त्रास फक्त मुलींना नाहीये. आठवी-नववीतली मुलं येतात, रील बघून सिक्स पॅक पाहिजेत म्हणतात, टी-शर्ट बदलायला लाजतात, पॉकेटमनीतून कुठल्यातरी दुकानातून प्रोटीनचा डबा आणतात आणि त्यात काय आहे ते आईवडिलांनापण माहिती नसतं. रीलमधला माणूस लाइट लावून, पाणी कमी करून, शंभरातला एक फोटो टाकतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

वजन करावंच लागतं, खेळच गटांचा आहे आणि त्यामुळे मुलांच्या डोक्यात आकडा बसतो हे मलाही टाळता येत नाही. म्हणून काटा फक्त स्पर्धेआधी बाहेर काढतो, एकेकाला आत बोलावतो, मुलींचं वजन मी स्वतः घेते, आकडा मोठ्याने बोलायचा नाही.

फी परत हवी असेल तर उरलेल्या महिन्यांची मिळेल, संध्याकाळी सहा ते आठ मध्ये या, पावती नसली तरी चालेल, रजिस्टरला नोंद आहे. चालू ठेवणार असाल तर पुढच्या ट्रायलचा फॉर्म भरायचाय, तुमची आणि तिची दोघींची सही लागेल, आणि गट तिच्या त्या दिवशीच्या वजनाचाच लिहिणार.