ब्राइटनेस खाली कर, मग बोलू

आज दुपारी भाचा 'डार्क सोल्स' हा व्हिडिओ गेम खेळत होता. टूम ऑफ द जायंट्स या त्यातल्या मिट्ट काळोख्या भागात पोचला आणि आधी काय केलं, तर सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस शेवटच्या टोकापर्यंत ओढला. "मावशी, काही दिसतच नाही गं." अरे, दिसू नये म्हणूनच घडवलंय ते! तिथे कवटीचा कंदील धरला की ढालीचा हात अडकतो. समोरचं बघायचं की वार अडवायचा? अंधारातून सांगाड्याचा भलामोठा बाण येतो तेव्हा छातीत जे होतं, त्यासाठी तर ती जागा आहे. याने सगळं राखाडी करून टाकलं. मला खरंच राग आला.

1999. मी सातवीत. कोल्हापूरच्या घरी दादा 'डायब्लो' खेळायचा. खिडकीला चादर, ट्यूब बंद, स्पीकर अगदी बारीक, कारण शेजारच्या खोलीत आईबाबा झोपलेले. त्या खेळात हिरोभोवती उजेडाचं एक छोटंसं वर्तुळ असतं, बाकी काळं. फक्त 640 बाय 480 पिक्सेलचं चित्र, 256 रंग. तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर दादाने एक दार उघडलं. आत सगळं लाल. प्रेतं टांगलेली. आणि सुरा घेतलेला तो खाटीक राक्षस धावत आला. मी किंचाळले. दादाने माऊस सोडून माझा हात धरला. आमचा हिरो तिथेच मेला.

ते लाल इतकं लाल का दिसलं? आधीचा अर्धा तास डोळ्यांनी काळ्याशिवाय काही पाहिलंच नव्हतं म्हणून! 2008 मध्ये पॅरिसला 'डायब्लो 3' पहिल्यांदा दाखवला, तेव्हा रंग फार खुलले म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज काढला होता. लोक हसले त्यांना. मी सही करणाऱ्यांच्या बाजूची, आजही. गर्दीत राक्षस ओळखू यायला हवेत हे बनवणाऱ्यांचं म्हणणं, बरं, मान्य. ज्यांची नजर अधू आहे त्यांना ब्राइटनेस वाढवता यायलाच हवा, तेही मान्य. पण चौदा वर्षांच्या धडधाकट पोराने भर दुपारी, पडदे उघडे टाकून, एका कानात गाणी लावून भुयारात उतरायचं आणि वर म्हणायचं "बोअर आहे"? भीती वाटायला थोडी जागा करून द्यावी लागते रे. दादा चादर उगाच नव्हता लावत. घामाघूम व्हायचो आम्ही त्या खोलीत, पंख्याचा आवाज नको म्हणून पंखाही बंद.

जास्तच बोलले बहुतेक त्याला. तोंड पाडून बसला होता.

हे टाइप करतेय आणि तो आत आलाय. जेवणं झालीत. ब्राइटनेस त्यानेच खाली आणला, पडदा मी ओढला, दिवा मालवला. कंदील हातात, चार पावलं गेला असेल.

"मावशी, तू उठू नकोस हां."