अबुजात खुर्ची मिळालीच तर

नायजेरियात मंत्रिपद मिळालं की आधी एक घोषणा ठोकून द्या. आकडा तयारच आहे: 15 टक्के. आरोग्याला अर्थसंकल्पाचा एवढा वाटा द्यायचं वचन आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी 2001 साली दिलं, तेही नायजेरियाच्या राजधानीत, अबुजातच. यजमानांनी ते पाळलेलं नाही, म्हणजे अजून कोरं करकरीत आहे. पुन्हा देता येईल.

कायद्यालाही बिचकू नका. 2014च्या आरोग्य कायद्यानं केंद्राच्या महसुलाचा किमान 1 टक्का प्राथमिक आरोग्यासाठी बांधून दिला. अर्थसंकल्पात तो पहिल्यांदा उगवला 2018 साली. कायद्यावर सही झाली त्या दिवशी जन्मलेलं मूल, जगलं असलंच, तर तोवर चौथ्या वर्षात होतं.

आता औषधं. इथे जरा डोकं लावावं लागतं, कारण ती स्वस्त आहेत. न्यूमोनिया झालेल्या सहा महिन्यांच्या बाळाला अॅमॉक्सिसिलिनची 250 मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. झाल्या 10 गोळ्या. त्या अडवत बसू नका. केसपेपरचे पैसे लावा, हातमोजे बाहेरून आणायला सांगा. लोकांना सवय आहे, देशातल्या आरोग्यखर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ते खिशातूनच भरतात. आई उसनवारीला गावात परतते. सकाळी मिनिटाला 50च्या वर श्वास घेणारं बाळ रात्री दूध ओढेनासं होतं. मग गोळीनं भागत नाही. इंजेक्शन लागतं, ऑक्सिजन लागतो, आणि त्याला वीज.

विजेचं तुम्ही जाणताच. तेल विकणारा देश, आणि दवाखान्याच्या जनरेटरला डिझेल नाही! 2022 मध्ये पेट्रोलच्या अनुदानावर 4 लाख कोटी नायरांहून जास्त उडाले, केंद्राच्या आरोग्य तरतुदीच्या कैकपट. लसीच्या फ्रीजला मात्र 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतात, आणि बाटलीवर एक चहाडखोर चिन्ह असतं: वर्तुळात फिका चौकोन. उष्णता लागली की तो काळवंडत जातो, वर्तुळाइतका गडद झाला की लस फेकायची. घाबरू नका, या चौकोनाला थंडी कळत नाही. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, बाटली बर्फाला टेकून गोठली की लस निकामी होते, चौकोन मात्र गोरापान राहतो. हे तुम्हाला मुद्दाम करावंही लागत नाही. पगार थकलेला, प्रशिक्षण न मिळालेला कर्मचारी पुरतो.

पत्रकारांना नेहमी देशाची सरासरी सांगा. 2018च्या पाहणीत ती हजार जन्मांमागे पाच वर्षांखालचे 132 बालमृत्यू अशी होती. राज्यांची यादी दाखवू नका, तिच्यात ओगुन 30 वर आणि केब्बी 252 वर आहे. देश एकच, झेंडा एकच.

स्वतः आजारी पडलात तर लंडन गाठा. 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष सलग शंभरावर दिवस तिथेच होते. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीनं जाहीर तक्रार केली, की राष्ट्राध्यक्ष भवनाच्या दवाखान्यात सिरिंजसुद्धा नाही. तिथे नाही, तर केब्बीतल्या उपकेंद्रात कोण मागेल?

त्याच केब्बीत डिसेंबर 2024 मध्ये मलेरियाची लस सुरू झाली, आपल्या पुण्यात बनणारी. डोस चार. पहिल्याला फीत कापायला अवश्य जा, बाळ कडेवर घेऊन फोटो काढा. चौथा डोस येतो तिसऱ्यानंतर कित्येक महिन्यांनी. तोवर तुमचं खातं बदललेलं असेल.