नाव घेतलं म्हणजे हिंमत झाली?

एक पोस्ट दर आयपीएलला फिरते: ‘फॅनवॉरमध्ये (चाहत्यांच्या ऑनलाइन भांडणांत) घाण करणाऱ्यांची नावं घ्या. नाव न घेता बोलणारे एकतर भित्रे, नाहीतर सामील.’ मी मुंबई इंडियन्सवाला. 15 डिसेंबर 2023 ला रोहितच्या जागी हार्दिक पांड्या कर्णधार झाला आणि आमच्याच घरात भाऊबंदकी पेटली. त्यामुळे पोस्टीमागचा राग कळतो. तिच्या बाजूने दिले जाणारे युक्तिवाद पटत नाहीत.

‘नावाशिवाय जबाबदारी ठरत नाही.’ ठरवणार कोण, चाहत्यांचा ग्रुप? 2021 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीवर गरळ ओकली गेली. कोहलीने त्याची बाजू घेतली, तर कोहलीच्या तान्ह्या मुलीबद्दल किळसवाणी धमकी आली. खातं पाकिस्तानातलंच, असं अनेकांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. मुंबई पोलिसांनी तरुण पकडला तो हैदराबादेतून. पुढे 2023 मध्ये तक्रारदाराच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्दही केला. पण तोवर छापून आलेलं नाव कोर्ट कुठून पुसणार? धमकी आली तर स्क्रीनशॉटसकट पोलिसांकडे जा, तिथे नाव द्याच. चव्हाट्यावर टांगणं ही तक्रार नव्हे.

‘त्याने जाहीर लिहिलं, मग नाव का लपवायचं?’ कर्णधार बदलणारी फ्रँचायझी, खेळाडू, समालोचक यांची नावं बिनधास्त घ्या, ते त्यांच्या कामाचा भाग आहे. चाळीस फॉलोअरवाला कॉलेजचा पोरगा आणि फ्रँचायझी एका तागडीत कशी बसणार?

‘खरं असेल तर भ्यायचं काय?’ इथे बरेच जण फसतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नुसतं ‘खरं होतं’ म्हणून सुटका होत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. ग्रुपमधल्या भांडणात लोकहित शोधून दाखवा बघू.

‘नाव टाळलं की सगळ्यांवर शिंतोडे उडतात.’ हे मात्र खरं. ‘काही लोक फार माजलेत’ छापाच्या पोस्टी म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. पण त्यावर उपाय वेगळा: कुठल्या सामन्यानंतर, काय लिहिलं, कुणाला त्रास झाला, ते नेमकं सांगा. आणि ‘तो ठाण्याचा डॉक्टर, ओळखलंच असेल’ हेही नाव घेणंच. उलट त्याहून वाईट, कारण ठाण्यात डॉक्टर काय एकच आहे?

1 एप्रिल 2024 ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हार्दिकची हुर्यो उडाली, तेव्हा समालोचक संजय मांजरेकर मैदानातून एवढंच म्हणाले की नीट वागा. नाव कुणाचंच नव्हतं, तरी ते कुणासाठी होतं हे हुर्यो करणाऱ्या प्रत्येकाला समजलं. 4 जुलैला विश्वचषक घेऊन संघ आला आणि त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. त्यात एप्रिलमधले किती होते, याची यादी कुणी ठेवली नव्हती. बरंच झालं.