देवाची ओळख आणि ‘आवाज ऐकू येणे’: एक खुलासा

‘ज्याला देवाचा आवाज ऐकू येत नाही, त्याने देवाला वैयक्तिकरीत्या ओळखलेलेच नाही,’ असा संदेश सध्या ग्रुपांवर फिरतोय. बायबलला ही कसोटी मान्य नाही.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 22वा अध्याय काढून बघा. यहूदाचा राजा यहोयाकीम गंधसरूच्या फळ्या लावून, हिंगुळाचा रंग देऊन ऐसपैस वाडा बांधत होता, आणि मजुरांना मजुरी देत नव्हता. त्याला यिर्मया त्याच्या बापाची, योशीयाची आठवण देतो: तो खाऊनपिऊन सुखी होता, पण गरिबांना न्याय द्यायचा, मला ओळखणे म्हणजे हेच नाही का, असे परमेश्वर विचारतो. इथे ना दृष्टान्त, ना अंगावर काटा. बुडवलेल्या मजुरीचा हिशेब आहे! बायबलमधल्याच योहानाच्या पहिल्या पत्रातही (2:3-4) देवाला ओळखल्याची खूण अशीच: आज्ञा पाळणे.

उलट शिलो गावच्या मंदिरातल्या एली याजकाचे (पुरोहिताचे) मुलगे पाहा. स्वतः याजक असूनही त्यांना परमेश्वराची ओळख नव्हती, असे 1 शमुवेल 2:12 सरळ सांगते. अर्पणाचे मांस ते दमदाटीने घ्यायचे.

म्हणजे देवाशी नाते नुसते समाजसेवेचे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. यिर्मयाच 31:34 मध्ये लहानथोर सगळे परमेश्वराला ओळखतील असे सांगतो, आणि त्याचा पाया पापांची क्षमा हा आहे. एलीच्याच हाताखाली वाढणाऱ्या शमुवेल या मुलाला देवाची हाक ऐकू आली, हेही खरे. पण बायबलमधल्या 88व्या स्तोत्राच्या कर्त्याला देवाकडून उत्तर मिळत नाही, स्तोत्र अंधारातच संपते. तरी तो देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशीच हाक मारतो. फिरत्या संदेशाच्या हिशेबाने तो नापास ठरेल.