"शेवटी पेंटरच झाला" म्हणजे काय?

परवा फॅमिली ग्रुपवर दादानं (माझा चुलतभाऊ, कोल्हापूरला असतो) लिहिलं, "एवढं आर्टचं शिक्षण दिलं आणि पोरगं शेवटी पेंटरच झालं." पोरगं करतंय काय, तर उद्यमनगरात एका गॅरेजात बुलेटच्या टाक्यांवर एअरब्रश आणि पट्ट्यांचं काम. खाली सगळ्यांचे हळहळीचे इमोजी. मला इतका राग आला की झोप लागेना, तरी लिहिलं नाही काही, कारण उत्तर ठरलेलंय, तू अमेरिकेत बसून बोलू नकोस.

तर अमेरिकेतलंच सांगतो. मी राहतो त्या लॉस एंजेलिसची मॉडर्न आर्ट निम्मी गॅरेजात वाढलीय. ज्युडी शिकागो ही चित्रकार, यूसीएलए विद्यापीठात मास्टर्स केलेली बाई, गाड्यांचं स्प्रे पेंटिंग शिकायला ऑटो बॉडीच्या शाळेत गेली, वर्गात बाकी सगळे पुरुष, आणि १९६४ मध्ये तिनं कॉर्वेअर गाडीच्या बॉनेटवरच चित्र केलं. बिली अल बेंगस्टन हा चित्रकार मोटरसायकलच्या रेस करायचा आणि कॅनव्हास सोडून गाड्यांचा लॅकर स्प्रे करायचा. ज्या फेरस गॅलरीत १९६२ ला अँडी वॉरहॉलची सूपच्या डब्यांची प्रसिद्ध चित्रं लागली तिथंच याची बीएसए मोटरसायकलच्या पार्ट्सची चित्रं लागली. आणि व्हॉन डच, ज्याच्या पिनस्ट्रायपिंगची, म्हणजे गाडीवर हातानं ओढलेल्या बारीक रेघांची, आख्ख्या जगानं नक्कल केली, त्याचा बाप पाट्या रंगवायचा. पाट्या! १९९३ मध्ये लगुना आर्ट म्युझियमनं व्हॉन डच, गाड्यांचाच कलाकार एड रॉथ आणि चित्रकार रॉबर्ट विल्यम्स या तिघांना घेऊन मोठं प्रदर्शन केलं, त्यातला विल्यम्स आधी रॉथकडं टीशर्टच्या जाहिराती काढायला नोकरीला होता. त्याला कुणी "शेवटी पेंटरच झाला" म्हटलं असेल का? असेलही, पण म्युझियमनं नाही म्हटलं.

दादाचं दुसरं म्हणणं, आरटीओ पकडतं. इथंही लोरायडरवाल्यांना, म्हणजे जमिनीलगत बुटक्या केलेल्या रंगीत गाड्या मिरवणाऱ्यांना, पोलिसांनी वर्षानुवर्षं पिटाळलं, क्रूझिंगवरच्या, म्हणजे रस्त्यावर गाड्या हळूहळू मिरवण्यावरच्या, बंद्या कॅलिफोर्निया राज्यानं उठवल्या त्या २०२४ पासून. पण त्याच्या आधीच, २०१७ ला, जिप्सी रोझ नावाची गुलाबाच्या फुलांनी रंगवलेली १९६४ ची इम्पाला गाडी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर काचेच्या पेटीत ठेवली होती. गुलाब, दादा. आपल्या ट्रकांवर असतात तसेच.

रविवारी मी व्हॅन नाइजला कार मीटला गेलो होतो, कोरोला दोन गल्ल्या सोडून लावली. एक म्हातारा एका मर्क्युरी गाडीच्या डिकीवर पट्टी ओढत होता. जुन्या मासिकाच्या गुळगुळीत पानावर इनॅमल रंग घेतलेला, लांब केसांचा ब्रश त्यावर पुढं-मागं फिरवून घोळवायचा, करंगळी पत्र्याला टेकवायची आणि मग श्वास रोखून एकच ओढ. खाली कॅंडीचा रंग, म्हणजे आधी चंदेरी आणि त्यावर पारदर्शक लाल कोटावर कोट, उन्हात बघितलं की वाटतं आत हात जाईल. मी तासभर हललो नाही. त्यानं विचारलं, तू पण करतोस का हे? मी म्हटलं, माझे काका करायचे.

एकोणीस वर्षांत हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं, तेही इंग्रजीत, परक्या माणसाला. काका म्हणजे दादाचे वडील. ट्रकवर मोर, गुलाब आणि "आई अंबाबाई प्रसन्न" लिहिण्यात त्यांची हयात गेली, माझी इंजिनिअरिंगची पहिली फी त्याच पैशातून भरली, आणि कॉलेजात कुणी विचारलं की मी सांगायचो, काकांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे. दादावर चिडायचा मला काय अधिकार आहे, मी तर त्याच्याही आधी लाजलो.

म्हणून काल ग्रुपवर न लिहिता पोराला वेगळा मेसेज केला, कामाचे फोटो पाठव म्हणून. एक टाकी पाठवली त्यानं. झूम करून बघितलं तर कोपऱ्यावर पट्टी वळवताना ब्रश उचललेला नाहीये, बोटांतल्या बोटांत फिरवलाय, काका फिरवायचे तसा. त्याला हे कुणी शिकवलं देव जाणे, काका गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता.