पहिलीच्या वर्गात स्टिकरचा तक्ता नको

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून एका लेखात भिंतीवर स्टिकरचा तक्ता सुचवलाय: पुस्तक वाचलं की मुलाच्या नावापुढे बक्षीस म्हणून एक स्टिकर. पुण्यात अनेक वर्गांत तो दिसतोही, पण माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग पाहा. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळच चित्रांत रमली. ज्यांना बक्षीस आधी न सांगता दिलं, त्यांची आवड टिकली.

त्यापेक्षा मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधा, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी पंधरा-वीस पुस्तकं अडकवा आणि दर सोमवारी त्यातली चार-पाच बदला. रोज पंधरा मिनिटं हवं ते पुस्तक घेऊ द्या, अर्धवट सोडलं तरी चालेल. वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ विचारू नका, नाहीतर त्याचीही परीक्षा होते.

खरी गाडी अडते जोडाक्षरांपाशी. मूल ‘स्वच्छ’वर थांबलं की बाई लगेच शब्द सांगून मोकळ्या होतात. मग पुढच्या शब्दाला ते पानाकडे बघतच नाही, बाईंच्या तोंडाकडे बघतं. मनात पाचपर्यंत मोजा. तरी जमलं नाही तर ‘च्छ’ झाकून फक्त ‘स्व’ दाखवा. चाळीसच्या पटात हे सगळ्यांशी रोज होणार नाही, हे मान्य. दिवसाला आठ मुलं घेतली तरी आठवड्यात वर्ग पुरा होतो.