लिनक्सवर ब्राउझर निवडताना मी आधी इंजिन बघतो

लिनक्सवर कुठला ब्राउझर चांगला असा विषय निघाला की गाडी ताबडतोब रॅम आणि बेंचमार्कवर जाते. तुलना सुरूच चुकीच्या टोकाने होते, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बघायचं ते इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा. आज बऱ्यापैकी कुठल्याही मशीनवर फायरफॉक्स, क्रोमियम (गूगल क्रोमचा खुल्या कोडचा पाया), ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे रोजच्या कामाला पुरेसे वेगवान आहेत. बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये, क्रोमियमची मंडळी बहुतेकदा पुढे असतात, मान्य. पण लेख वाचताना किंवा मेल चाळताना तो फरक जाणवतही नाही.

जाणवतो तो व्हिडिओ बघताना. डिकोडिंगचं, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडलं की लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. फायरफॉक्सने लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससाठी हार्डवेअर डिकोडिंग (चिपकडून होणारं डिकोडिंग) २०२३ मध्ये, ११५ व्या आवृत्तीत आपोआप चालू केलं. एएमडीवाल्यांना १३६ व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत थांबावं लागलं. फार उशीर झाला, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. तुमच्या मशीनवर काय स्थिती आहे ते बघायचं असेल तर फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये 'about:support' उघडा आणि खाली मीडिया विभागात जा. तिथे प्रत्येक कोडेकपुढे (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीपुढे) हार्डवेअर डिकोडिंग आहे की नाही ते लिहिलेलं असतं. क्रोमियममध्ये यासाठी अजूनही अनेकांना फ्लॅगशी, म्हणजे आतल्या प्रायोगिक सेटिंगशी, खटपट करावी लागते.

पॅकेजचंही बघावं लागतं. उबंटू या लिनक्सवर २२.०४ आवृत्तीपासून एपीटी या नेहमीच्या कमांडने फायरफॉक्स टाकला तरी येतो तो स्नॅपच, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या वेगळ्या पद्धतीचं पॅकेज. साधं, पारंपरिक डेब पॅकेज हवं असेल तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची स्वतःची रेपो (पॅकेजचं ऑनलाइन भांडार) आहे, पण ती नुसती जोडून भागत नाही. पिन प्रायॉरिटी दिली नाही, म्हणजे त्या रेपोला अग्रक्रम ठरवून दिला नाही, तर उबंटू पुन्हा स्नॅपच पुढे करतं.

आता मुख्य मुद्दा. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही नावं पाच असली तरी पान पडद्यावर मांडणारं इंजिन एकच आहे: ब्लिंक. त्याचं मूळ कुठलं? लिनक्स डेस्कटॉपचंच. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या लोकांनी कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल हे इंजिन लिहिलं. अ‍ॅपलने ते घेऊन २००३ मध्ये सफारी आणला, त्यातून वेबकिट झालं आणि २०१३ मध्ये गूगलने वेबकिटमधून ब्लिंक वेगळं काढलं. मूळ केएचटीएमएल मात्र आता बंद पडलं आहे. हा इतिहास वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.

कोड खुला आहे, मग एकच इंजिन राहिलं तर बिघडलं कुठे, असं विचारणारे बरेच आहेत. २०२१ चा मार्च आठवा. गूगलने आपल्या सिंकसारख्या (बुकमार्क, पासवर्ड सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवणाऱ्या) सेवा इतरांनी बांधलेल्या क्रोमियमसाठी बंद केल्या आणि उबंटूसारख्या लिनक्स डिस्ट्रोंनी स्वतः बांधलेल्या क्रोमियममधलं सिंक गेलं. कोड सगळ्यांकडे होता, किल्ली एकाकडेच. पुढे मॅनिफेस्ट व्ही३ ही एक्स्टेंशनसाठीची गूगलची नवी चौकट आली आणि क्रोममध्ये जाहिराती अडवणारं मूळ यूब्लॉक ओरिजिन चालेनासं झालं. त्याची लाइट आवृत्ती चालते, पण ती त्या ताकदीची नाही. फायरफॉक्समध्ये मूळ एक्स्टेंशन आजही पूर्ण चालतं. मला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

मोझिलाचं सगळंच छान चाललं आहे असं मुळीच नाही. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलच्या सर्च करारातून येतो, आणि २०२० मध्ये त्यांनी सुमारे अडीचशे लोकांना काढलं. काळजी वाटावी अशीच ही परिस्थिती आहे. पण म्हणून फायरफॉक्सचं गेको इंजिन सोडून सगळ्यांनी ब्लिंककडे जावं, हे मला पटत नाही. ग्नोम डेस्कटॉपचा ग्नोम वेब हा ब्राउझर वेबकिटवर चालतो, दिसायलाही सुटसुटीत आहे, फक्त एक्स्टेंशनच्या बाबतीत तोकडा पडतो. सर्वो आणि लेडीबर्ड या नव्या इंजिनांकडे मी आशेने बघतो आहे, पण रोजच्या वापराला ती अजून तयार नाहीत.

त्यामुळे माझं मुख्य काम फायरफॉक्सवर, आणि एखादी साइट अडलीच तर तेवढ्यापुरता क्रोमियम. अशी साइट सापडली की नुसता ब्राउझर बदलून पुढे जाऊ नका. फायरफॉक्सच्या मेनूतूनच मोडक्या साइटची तक्रार पाठवता येते, ती पाठवा. साइट चालवणाऱ्यांनाही दोन ओळी लिहा, कारण बऱ्याचदा त्यांनी फक्त क्रोमवर तपासलेलं असतं आणि दुसरीकडे अडतं आहे हे त्यांच्या कानावरच आलेलं नसतं.